न लिहिलेल्या संगीताची वर्गणी

बर्मिंगहॅमच्या मध्यवस्तीत ब्रॉड स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, रात्री उशिरापर्यंत गजबजलेला. त्याला लागून असलेल्या बर्कली स्ट्रीटवर सीबीएसओ सेंटर ही इमारत आहे. शहराच्या मोठ्या वाद्यवृंदाचं, म्हणजे सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिम्फनी ऑर्केस्ट्राचं, हे तालमीचं घर. १९९७ साली ते सुरू झालं. आत तीनेकशे माणसं बसतील एवढं सभागृह आहे. पहिल्या रांगेतल्या माणसाला चेलोवादकाचा श्वास ऐकू येतो. बर्मिंगहॅम कन्टेम्पररी म्युझिक ग्रुप या छोट्या वादकसंचाच्या मैफली इथे होतात. गावातले लोक त्याला नुसतं ‘बीसीएमजी’ म्हणतात. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात आज, आत्ता जे लिहिलं जातं आहे, ते वाजवणं हेच या संचाचं काम. मी त्यांची बऱ्याच वर्षांची श्रोता आहे आणि त्यांच्या काही रचनांमध्ये माझ्या पगारातले पैसेही आहेत. त्याविषयी लिहायचं आहे.

मी मिरजेची. शाळेचा रस्ता सतारमेकरांच्या दुकानांवरून जायचा. बाहेर भोपळे वाळत ठेवलेले, आत कुणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेलं. घोडीवर कानस किंचित फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा किंचित फिरवायची. आधी आवाज बंद असतो, मग हळूहळू खुलतो. उरुसाच्या दिवसांत दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. ती लहानपणी आईबाबांच्या शेजारी बसून रात्र रात्र ऐकली. गाणं शिकले नाही, पण ऐकायची सवय लागली ती लागलीच. लग्नानंतर बर्मिंगहॅमला आले, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. तिथली एक सहकारीण निवृत्तीला आलेली, हौसेनं समूहगायनात गाणारी. एकदा म्हणाली, “एक तिकीट जास्तीचं आहे. मोझार्ट नाही, बीथोव्हन नाही. आपल्या काळातल्या माणसांचं संगीत आहे. येतेस?” गेले.

त्या संध्याकाळी हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेटी यांचा ‘चेंबर कॉन्सर्टो’ वाजला. १९७० सालची ही रचना, तेरा वादकांसाठी. सुरुवातीला सगळे इतक्या दाटीनं आणि इतक्या हळू आवाजात वाजवतात, की कुठला सूर कुणाचा ते सांगता येत नाही. मग त्या कुजबुजीतून एकच सूर वेगवेगळ्या सप्तकांत स्वच्छ उभा राहतो आणि सभागृहातली हवा बदलते. तिसऱ्या भागात वादक एकेक सूर नुसते घोकत राहतात, पण प्रत्येकाची लय वेगळी. कुणी एका मात्रेत चार वेळा, कुणी पाच, कुणी सात. मी खुर्चीच्या काठावर येऊन बसले होते. रागाची ओळख पटावी तसं इथे काही पटत नव्हतं. पण आवाज बंद असतो आणि खुलतो, हे माझ्या कानाला मिरजेपासून ठाऊक होतं. इथे तेच चाललेलं होतं, एका वाद्यात नव्हे तर तेरा वाद्यांच्या मध्ये.

हा संच १९८७ मध्ये सीबीएसओच्याच काही वादकांनी सुरू केला. त्याआधी सात वर्षं, १९८० मध्ये, सायमन रॅटल हा पंचविशीतला तरुण कंडक्टर म्हणून या शहरात आला होता आणि विसाव्या शतकातलं संगीत लोकांपुढे निर्धारानं मांडत होता. मोठ्या वाद्यवृंदातून रोज काम करणाऱ्या या वादकांना नवं, अवघड, कमी माणसांत वाजणारं संगीत वाजवायचं होतं. त्याला वेगळा संच हवा. पाठीशी रॅटल होतेच. १९९१ पासून त्यांनी ‘टुवर्ड्स द मिलेनियम’ ही मालिका केली. दरवर्षी विसाव्या शतकातलं एक दशक घ्यायचं आणि त्या दशकातलं संगीत वाजवायचं. त्यातही हा संच होता. पुढे टॉमस अॅडेस त्याचे संगीत दिग्दर्शक झाले आणि ऑलिव्हर नसन यांच्यासारखा संगीतकार-कंडक्टर वर्षानुवर्षं या संचाबरोबर काम करत राहिला. आजवर दीडशेहून अधिक नव्या रचना या लोकांनी जगात पहिल्यांदा वाजवल्या आहेत. एका औद्योगिक शहरातल्या मूठभर वादकांसाठी हे काम फार मोठं आहे, असं माझं मत आहे.

छोट्या संचाचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. वाद्यवृंदात पहिली व्हायोलिनंच बारा-चौदा असतात. इथे प्रत्येक वाद्य एकच. आर्नल्ड शोनबर्गनं १९१२ मध्ये ‘पिएरो ल्युनेर’ लिहिलं ते एक गायिका आणि पाच वादकांसाठी. त्यातली बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो ही मांडणी जगभरच्या अशा संचांचा पाया ठरली. एकेकच वाद्य असल्यामुळे कुणालाही कुणाच्या आड लपता येत नाही. आपल्याकडच्या साथीदारांना ही जबाबदारी वेगळी सांगावी लागत नाही. तिकडच्या वादकांना मात्र ती मोठ्या वाद्यवृंदातून इथे आल्यावर अंगावर घ्यावी लागते.

आता पैशांविषयी. नवी रचना हवी तर संगीतकाराला महिनोन् महिने ती लिहीत बसावं लागतं आणि तेवढ्या काळाचा मेहनताना द्यावा लागतो. पूर्वी हे काम राजेरजवाडे करायचे. अल्लादियाखाँसाहेबांच्या पाठीशी कोल्हापूरचा दरबार उभा होता. बीसीएमजीनं १९९१ पासून ‘साउंड इन्व्हेस्टमेंट’ नावाची योजना चालवली. कोणाही श्रोत्यानं १५० पौंडांचा एक वाटा घ्यायचा आणि असे वाटे जमले की त्यातून एका नव्या रचनेचा खर्च उचलायचा. ज्यांनी वाटा घेतला त्यांना तालमीला येऊन बसता यायचं, संगीतकाराला भेटता यायचं. नफा नाही, परतावा नाही. मला हे ऐकल्याबरोबर कळलं, कारण आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी याच पद्धतीनं जमायची. कुणी शंभर, कुणी पाचशे, पावती फाडायची आणि मग मांडवात जाऊन हक्कानं बसायचं. फरक एवढाच, की मूर्ती कशी असणार हे वर्गणी देताना साधारण माहीत असतं. इथे मात्र जे अजून लिहिलंच गेलेलं नाही, ज्याचा पहिला सूरही संगीतकाराला ठाऊक नाही, त्यासाठी पैसे द्यायचे. या योजनेतून सत्तरहून अधिक रचना उभ्या राहिल्या. वाटे घेणारे म्हणजे निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, इंजिनियर, एखादं डॉक्टर जोडपं. माझ्या सहकारिणीनं आयुष्यभर असे वाटे घेतले. तिच्यामागोमाग मीही घेतला. तेव्हा घरात स्वयंपाकघराचं काम काढायचं चाललं होतं आणि नवऱ्यानं एकदाच विचारलं, “नक्की ना?” मी “नक्की” म्हटलं, आणि स्वयंपाकघर पुढच्या वर्षावर गेलं.

तालमीची गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण मला मैफलीपेक्षा तालमीतच या संगीताचं खरं स्वरूप दिसलं.

रचना अकरा वादकांसाठी होती. संगीतकार तिशीतली मुलगी, मांडीवर भलीमोठी नोटेशनची वही, कानामागे पेन्सिल. आम्ही वाटेकरी मागच्या रांगेत गुपचूप बसलेलो. मी पोचले तेव्हा पियानोवादक पियानोच्या आत डोकं घालून उभा होता. भिंतीला कागद चिकटवायला वापरतात तो निळा चिकट गोळा, ब्लू-टॅक, त्याचे छोटे छोटे तुकडे करून तो ठरावीक तारांवर दाबून बसवत होता. मग पट्टी दाबली की सूर वाजतो, पण घुमत नाही; लाकडावर टिचकी मारल्यासारखा लगेच विझतो. तुकडा जरा पुढे सरकवला तर त्याच तारेतून वरचा एक नाजूक सूर निघतो. तो सरकवायचा, वाजवायचा, आणि ती मुलगी मान हलवायची. पलीकडे तालवाद्यं वाजवणारी बाई व्हायब्राफोनच्या धातूच्या पट्टीवर काठीनं न मारता, पट्टीच्या कडेवरून डबल बासचा गज ओढत होती. त्यातून येणारा सूर कुठून सुरू झाला ते कळतच नाही. तो असतो, एवढंच कळतं.

अडचण त्या सुरापाशीच होती. व्हायब्राफोनचा हा सूर आणि व्हायोलाचा सूर एकमेकांत असे मिसळायला हवे होते, की ऐकणाऱ्याला एकच वाद्य वाजतंय असं वाटावं आणि मग हळूच व्हायोला त्यातून निघून पुढे जावी. पण ते मिसळत नव्हते. व्हायब्राफोनची पट्टी ठरलेल्या सुरात पक्की, तिला वरखाली करता येत नाही. व्हायोलावादकानं बोट किंचित वर सरकवून सूर जुळवला, तरीही कानाला दोन वाद्यं वेगळीच लागत होती. कंडक्टरनं आवाज कमी करायला सांगितला. उपयोग झाला नाही. मग व्हायोलावादकानंच गज घोडीपासून लांब, पार बोटपट्टीवर नेला आणि दाब जवळजवळ काढून टाकला. त्यानं सुरातली धार गेली, नुसती वाफ उरली. आणि दोन्ही सूर मिळाले. संगीतकार मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, “हेच. पण मी असं लिहिलेलं नाही.” तिनं वहीत तिथल्या तिथे पेन्सिलीनं खूण केली. वीस सेकंदांच्या संगीतावर पाऊण तास गेला होता, आणि त्या खोलीत कुणालाही तो वाया गेल्यासारखा वाटला नाही.

छापलेल्या स्वरलिपीवर चालणारं संगीत म्हणजे सगळं आधीच ठरलेलं, वादकानं फक्त वाचून वाजवायचं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. नव्या रचनेच्या तालमीला बसल्यावर तो टिकत नाही. रचना कागदावर अर्धी असते. उरलेली अर्धी वादकाचा हात, वाद्याचं लाकूड, सभागृहाचा प्रतिध्वनी आणि समोर बसून “अजून नाही” म्हणणारा कान यांतून होते. शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेत ही खटपट केव्हाच होऊन गेलेली असते, आपण तिचं फळ ऐकतो. इथे ती डोळ्यांसमोर होते.

एका उन्हाळ्यात आई मिरजेहून आली होती. तिला मी एका दुपारच्या मैफलीला घेऊन गेले. शहरातल्याच चार वादकांनी ऑलिव्हिए मेसियाँ यांची ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ वाजवली. दुपारी सव्वा वाजता सुरू होणाऱ्या मैफलीला आई सव्वाबारापासून तयार होती, नऊवारी नेसून, वर माझा जाड कोट. उरुसाच्या सभेला जाताना तिची अशीच तयारी असायची.

ही रचना समकालीन म्हणावी की नाही यावर लोक वाद घालतील, कारण ती ८० वर्षांहून जुनी आहे. पण या जातीच्या सगळ्या संचांची ती पाठराखीण आहे. १९४० मध्ये मेसियाँ फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या हाती सापडले आणि ग्यॉर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेले. तिथे त्यांच्याबरोबर एक क्लॅरिनेटवादक, एक व्हायोलिनवादक आणि एक चेलोवादक कैदेत होते. जी माणसं होती त्यांच्यासाठी मेसियाँनी लिहिलं, पियानोवर स्वतः बसले, आणि १५ जानेवारी १९४१ रोजी कडाक्याच्या थंडीत छावणीतल्या कैद्यांसमोर ती पहिल्यांदा वाजली.

आणि आता महाराष्ट्राशी असलेला तिचा संबंध. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. त्यानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या तालाध्यायात १२० देशी तालांची यादी आहे. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या एका मोठ्या संगीतकोशात भारतीय संगीतावरचा एक लेख होता आणि त्यात ही यादी छापली होती. तरुण मेसियाँना ती तिथे सापडली आणि पुढे जन्मभर त्यांनी ती सोडली नाही. या चौकडीच्या पहिल्याच भागात पियानोच्या लयीत रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन देशी ताल जोडून घेतलेले आहेत. देवगिरीच्या किल्ल्यावर आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो. अंधारी वाट, चांदमिनार, भारतमातेचं मंदिर, सगळं दाखवलं. इथे बसून कुणी एकानं तालांचा हिशेब मांडला, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्या पियानोच्या लयीत १७ मात्रामूल्यांचं आवर्तन आहे आणि त्यावर २९ स्वरसंघातांची माळ फिरते. १७ आणि २९ दोन्ही मूळ संख्या. आवर्तन संपतं तेव्हा माळ मध्येच असते, माळ संपते तेव्हा आवर्तन मध्येच. दोन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला ४९३ आघात लागतील आणि तो भाग तर त्याच्या कितीतरी आधी संपतो. चेलोचं चक्र आणखी वेगळं: सूर पाच, लय १५ मूल्यांची. वर क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पहाटेच्या पक्ष्यांसारखे मधूनमधून बोलतात.

पहिला भाग संपल्यावर आई माझ्या कानाशी झुकून म्हणाली, “अगं, ह्याला सम नाही.”

“नाहीच, आई. मुद्दामच ठेवलेली नाही.”

ती गप्प झाली. नंतरच्या सबंध मैफलीत तिनं मांडीवर बोटं धरली नाहीत, एरवी ती धरतेच. शेवटच्या भागात व्हायोलिन अतिशय संथ लयीत वर वर चढत जातं आणि पियानो खाली दोन दोन आघातांची धुगधुगी धरून राहतो. तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं, तर तिनं डोळे मिटले होते. घरी येताना बसमध्ये तिनं विचारलं, “पण ह्यांचा सा कुठे असतो?”

तिच्या या प्रश्नावर मी आजही विचार करते. आपल्याकडे मैफल सुरू होण्याआधीच तंबोऱ्यानं सा दिलेला असतो. गायक कितीही लांब गेला तरी घर ठाऊक असतं. जुन्या पाश्चात्त्य संगीतातही, वेगळ्या रीतीनं, घर ठरलेलं होतंच. समकालीन संगीतात ते दिलेलं नसतं. प्रत्येक संगीतकार प्रत्येक रचनेपुरतं स्वतःचं घर बांधतो: कधी एक सूर, कधी एक लय, कधी एखादा खरखरीत आवाज, कधी नुसती शांतता. श्रोत्याला ते शोधावं लागतं, आणि एका ऐकण्यात ते बहुतेक सापडत नाही. म्हणून मी प्रत्येक नवी रचना शक्य असेल तर तालमीतही ऐकते आणि मैफलीतही. आईनं मात्र माझ्या लांबलचक उत्तरानंतर एवढंच म्हटलं, “मग पुन्हा ऐकायला पाहिजे.” मिरजेला परत जाईपर्यंत तिनं माझ्याकडची तबकडी रोज दुपारी लावली.

इथे एक सांगून टाकते. मेसियाँची गोष्ट ऐकली की आपल्यातले काही जण लगेच म्हणतात, “म्हणजे सगळं मूळ आपलंच.” मला हे पटत नाही. मेसियाँना हे ताल कागदावर मिळाले, नुसत्या लांबी-आखूडपणाच्या आकड्यांसारखे. ठेका नाही, बोल नाहीत, टाळी-खाली नाही. त्यांनी त्या आकड्यांतून जे केलं ते त्यांचं स्वतःचं. शार्ङ्गदेवाचा मोठेपणा एवढाच, आणि तो पुरेसा मोठा आहे, की त्यानं ते इतक्या काटेकोरपणे लिहून ठेवलं, की सातशे वर्षांनी एका फ्रेंच माणसाला त्यातून काम करता आलं. आपण स्वतः त्या यादीचं काय केलं, हा प्रश्न आपल्याला जास्त लागू आहे.

तसाच आणखी एक धागा माझ्या गावाजवळून जातो. लंडनला मी फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिझे यांची ‘व्होर्टेक्स टेम्पोरम’ ऐकली, १९९६ सालची. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि पियानो. त्यात पियानोचे चार सूर पाव स्वरानं उतरवून लावावे लागतात. जुळवणारा माणूस किल्ली घेऊन एकेक तार सैल करत होता, मी आधी येऊन बसले होते म्हणून ते पाहायला मिळालं. पियानोसारखं ठाम, बारा सुरांत कायमचं बसलेलं वाद्य. त्याचे चारच सूर हलवले आणि सगळा पियानो वेगळा वाटू लागला. मला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आठवले. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींचं गणित मांडून त्यांनी १९१० मध्ये पुस्तक काढलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर मोजायला घेतले आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीनं श्रुतींचा हार्मोनियम थेट इंग्लंडात बनवून घेतला. बारा पट्ट्यांच्या मधल्या जागेत काय आहे याचं कुतूहल सांगलीत ग्रिझे यांच्या कितीतरी आधी जागं होतं, आणि ते पोकळ अभिमानातून आलेलं नव्हतं, कामातून आलेलं होतं.

या संगीतात सगळंच अवघड असतं असं मात्र नाही. हॉवर्ड स्केम्पटन यांनी २०१५ मध्ये बीसीएमजीसाठी कोलरिजच्या ‘एन्शन्ट मरिनर’ या दीर्घकवितेला संगीत दिलं. एकच गायक, अर्ध्या तासाहून अधिक, अतिशय साध्या सुरांत ती सबंध गोष्ट सांगतो. माझ्या मुलीनं तेवढा वेळ चुळबुळ न करता ऐकलं. या संचाच्या मुलांसाठी रचना करण्याच्या कार्यशाळाही होतात. आठ-नऊ वर्षांची मुलं काही मिनिटांचं संगीत बनवतात आणि व्यावसायिक वादक ते गंभीरपणे वाजवून दाखवतात. मुलगी तिथून आली ती विचारत, “क्लॅरिनेट किती खाली जातो?” याहून चांगला प्रश्न मला सुचला नसता.

अडचणी आहेतच. २०२३ मध्ये शहराची महापालिका आर्थिक संकटात सापडली आणि त्यानंतर शहरातल्या मोठ्या कलासंस्थांना मिळणारं पालिकेचं अनुदान आधी निम्मं झालं, मग बंद झालं. अशा वेळी नव्या संगीताचा विचार शेवटी होतो. कधी सभागृहात रिकाम्या खुर्च्या दिसतात. श्रोते पांढऱ्या केसांचे अधिक, हेही खरं. माझी ती सहकारीण आता नाही. तिच्या अंत्यविधीला त्या संचाच्या श्रोत्यांमधले इतके जण आले होते, की तिच्या नातेवाइकांना आश्चर्य वाटलं. मैफलीच्या मध्यंतरात एकमेकांना “तुम्हाला काय ऐकू आलं?” असं विचारत या लोकांची मैत्री झालेली. माझीही या शहरातली खरी माणसं त्यांच्यातच आहेत.

आता महाराष्ट्रातल्या वाचकांना विनंती. आपल्याकडे श्रोत्यांची कमतरता नाही. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून हजारो माणसं बसून ऐकतात. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि झाकीर हुसेन यांनी त्यांच्यासाठी लिहिलेला ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्सर्टो २०१५ मध्ये वाजला. म्हणजे वादक आहेत, जागा आहेत, लिहिणारेही आहेत. नवी रचना लिहून घेण्याची जबाबदारी श्रोत्यांनी उचलावी, एवढंच राहिलं आहे. बंदिश असो, वाद्यसंगीत असो, सतार आणि क्लॅरिनेटसाठी असो. पन्नास माणसांनी प्रत्येकी दोन हजार काढले तर एका तरुण संगीतकाराचे दोन-तीन महिने निभतात. बदल्यात त्यानं तालमीला बसू द्यावं, एवढी एकच अट घाला. रचना आवडेलच याची हमी मागू नका. मिरजेत किंवा सांगलीत कुणी हे सुरू करत असेल, तर यादीत माझं नाव आधी लिहा.